कोंबडीची अन्नपिशवी तुंबली तर: घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

कोंबडी कोपऱ्यात मलूल बसलीय, गळ्याखाली गोळा दिसतोय, दाण्यांकडे ढुंकून बघत नाही. अशा वेळी पहिला सल्ला बहुधा शेजारून येतो: तेल पाज आणि उलटी धरून हलव. तेलाचं एक वेळ ठीक. पण ते भसकन घशात ओतलं, किंवा कोंबडीला खरंच उलटं धरलं, तर ती तिथल्या तिथे दगावू शकते. ज्या दुखण्यावर उपाय चालला होता, त्यात ती अजून दोन-तीन दिवस सहज तगली असती. घाई कोंबडीला नसते, आपल्याला असते. अंगणात, परसात किंवा गच्चीवर चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या नवख्यांसाठी पुढची सगळी रीत या एका गोष्टीभोवती रचली आहे.

पिशवी कुठे असते, करते काय

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा अन्ननलिकेतून आधी एका पातळ, ताणल्या जाणाऱ्या पिशवीत साठतो. डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात, आपण अन्नपिशवी म्हणू. ती मानेच्या बुडाशी, छातीच्या वरच्या अंगाला असते आणि कोंबडीच्या स्वतःच्या उजव्या बाजूला झुकलेली असते. दाणा तिथे पाण्यात भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा पुढे सरकतो. पुढे जठर आणि मग गिझार्ड, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो जाड, चिवट गोळा. खरं दळण तिथे होतं, तेही कोंबडीनं गिळलेल्या खड्यांच्या जोरावर.

पिशवीला दळता येत नाही. लांब गवत, काथ्या, दोरा तिथे आला की तुटत नाही, एकमेकांत गुंततो आणि त्याचा बोळा बनतो. दुसरं म्हणजे पुढे गिझार्ड किंवा आतडं अडलं, पोटात अंडं अडकलं, जंत फार झाले, किंवा पिशवी हलवणारी नसच लुळी पडली, तरी मागे पिशवी तुंबते. त्यामुळे हाताला लागणारा गोळा कधी स्वतःच रोग असतो, तर कधी आतल्या दुसऱ्या रोगाची नुसती खूण. मालिशनं पहिला प्रकार सुटतो, दुसरा नाही.

आधी सकाळची तपासणी

संध्याकाळी फुगलेली पिशवी बघून घाबरू नका. निरोगी कोंबडी झोपण्यापूर्वी पिशवी गच्च भरून घेते आणि रात्रभर ती हळूहळू रिकामी करते. तिन्हीसांजेला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा फुगवटा असणं हे चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. हाताला आत दाणे वेगवेगळे लागतात, ते बोटांखाली सरकतात.

म्हणून तपासणी अशी करा. अंधार पडल्यावर कोंबडी काठीवर बसली की तिला अलगद उचला, पिशवी चाचपून आकार लक्षात ठेवा. खुराड्यातलं सगळं खाद्य काढून घ्या, पाणी राहू द्या. सकाळी उजाडल्याबरोबर, एकही दाणा पोटात जाण्याआधी, पुन्हा चाचपा. पिशवी सपाट आणि सैल लागली, नुसती कातडी हातात आली, तर तुंबलेली नाही. आजाराचं कारण दुसरीकडे शोधा. रात्रीएवढीच किंवा त्याहून मोठी लागली, तर तुंबली आहे.

या तपासणीला एक अपवाद आहे. खुडूक कोंबडी दिवसातून जेमतेम एकदा अंड्यांवरून उठते, घाईघाईनं बकाबका खाते, पाणी पिते आणि परत जाऊन बसते. तिचं वेळापत्रक निराळं असतं. तिची पिशवी सकाळी थोडी भरलेली सापडली तर शेवटचं कधी उठली होती ते आधी बघा. खुराड्यात रात्रभर दिवा जळत असेल तरी हिशेब चुकतो, कारण उजेडात कोंबडी खात राहते.

हाताला काय लागतं त्यावरून प्रकार ओळखा

*घट्ट गोळा.* दाबल्यावर मळलेल्या कणकेसारखा लागतो किंवा अगदी टणक असतो, बोटाचा खड्डा तसाच राहतो. कधी आत दोरखंडासारखा पीळ जाणवतो. ही खरी तुंबलेली पिशवी. घरी उपाय करून बघण्याजोगा प्रकार मुख्यतः हाच.

*लिबलिबीत फुगा.* दाबलं की आत पाणी डचमळतं आणि तोंडाला आंबलेला, दारूसारखा किंवा कुजका वास येतो. ही आंबलेली पिशवी. आत यीस्ट, बहुतेक वेळा कँडिडा जातीची बुरशी, वाढलेली असते. तोंडात पांढरा चिकट थर दिसू शकतो. यावर तेल-मालिश हा उपाय नाही; पुढे त्याबद्दल वेगळं लिहिलं आहे.

*लोंबती पिशवी.* महिनोन्‌महिने वारंवार ताणली गेल्यानं स्नायू सैल पडलेले असतात आणि पिशवी छातीखाली झोळीसारखी लोंबते. कोंबडी खाते, पिते, पण पिशवी पुरती रिकामी कधीच होत नाही.

पहिल्या दोन प्रकारांची सरमिसळही होते. घट्ट बोळा तीन-चार दिवस तसाच पडून राहिला की त्याच्याभोवतीचं अन्न आंबतं. मग मध्ये टणक गाठ, भोवती पाणी आणि तोंडाला वास, असं एकत्र सापडतं. तेव्हा घरी न रेंगाळता डॉक्टर गाठा.

घरगुती उपाय सुरूच करू नये अशी लक्षणं

- कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकतेय, घशातून घरघर ऐकू येतेय किंवा तुरा निळा-जांभळा पडलाय.
- छातीचं मधलं हाड हाताला धारदार लागतंय, म्हणजे ती आधीच खंगलेली आहे. अशीला उपाशी ठेवणं तिला मारण्यासारखंच. पिल्लांनाही उपास नाही.
- पेंग्विनसारखी उभी राहून कुंथतेय, पोट खाली फुगलंय. अंडं अडकल्याचा किंवा पोटात अंड्याचा बलक साठल्याचा संशय घ्या.
- तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी आहे आणि एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलीय. मॅरेक्स रोगात नसा लुळ्या पडतात, त्यात पिशवीची नसही सापडते. अशा पिशवीला कितीही चोळा, ती हलणार नाही.
- चोचीतून किंवा मागून दोरा बाहेर लोंबतोय. तो ओढायचा नाही. दुसरं टोक गिझार्डमध्ये किंवा आतड्यात अडकलेलं असू शकतं आणि ओढल्यावर आतडं चिरतं. लोंबणारा भाग चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापा आणि डॉक्टरकडे न्या.
- एकाच वेळी दोन-चार कोंबड्या आजारी आहेत, हिरवट जुलाब होतायत, माना मुरगळतायत किंवा अचानक मरतायत. हे पिशवीचं दुखणं नाही. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो, बर्ड फ्लूही असू शकतो. महाराष्ट्रानं तो २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पाहिला आहे. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातानं शिवू नका, कापू तर अजिबात नका. पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात लगेच कळवा.

यातलं काहीच नसेल, पिशवी घट्ट असेल आणि कोंबडी उभी राहून आजूबाजूला बघत असेल, तर पुढे चला.

जमवाजमव

सुई काढलेली २ मिलीची सिरिंज (५ मिलीची नको, दट्ट्या जरा जोरात दाबला की फार पाणी जातं), जुना टॉवेल किंवा पंचा, खोबरेल तेल, कोमट पाणी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक मोठं खोकं. खोक्यात तळाला वर्तमानपत्र किंवा कापड घाला. पेंढा, गवत, भुसा, तांदळाचा तूस यातलं काही नको, कारण उपाशी कोंबडी तेच टिपत बसेल. खोकं सावलीत, वारा येईल पण झोत येणार नाही असं ठेवा. वर्तमानपत्राचा दुसरा फायदा म्हणजे विष्ठा किती आणि कशी पडली हे स्पष्ट दिसतं.

कोंबडीचं वजन करा आणि लिहून ठेवा. पावणेदोन-दोन किलोची कोंबडी उपचारादरम्यान दीड-दोनशे ग्रॅमनं उतरली, तर घरचे प्रयोग थांबवायची वेळ झाली.

पहिला दिवस

सकाळच्या तपासणीत पिशवी भरलेली सापडली की तिथपासून संध्याकाळपर्यंत दाणा बंद. रात्रीचे तास धरून उपास २४ तासांच्या पुढे न्यायचा नाही. पाणी मात्र सतत समोर हवं, स्वच्छ आणि कोमट. स्वतःहून पीत असेल तर सिरिंजनं पाजू नका. स्वतः प्यायलेलं पाणी बरोबर जागी जातं. आपण पाजलेलं कुठे जाईल याची खात्री नसते.

कारण असं: कोंबडीची चोच उघडून बघितली तर जिभेच्या मागे लगेच एक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनलिका. त्यावर माणसासारखं झाकण नसतं. चोचीत मधोमध ओतलेला द्रव सरळ तिथे उतरतो. तेल फुप्फुसात गेलं तर होणारा न्यूमोनिया बहुधा बरा होत नाही.

म्हणून तेल द्यायची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे ते घट्ट करून द्यायचं. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. वाटीत चमचाभर तेल फ्रीजमध्ये ठेवा, थिजलं की सुरीनं हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. असे चार-पाच तुकडे, सगळे मिळून अर्धा ते पाऊण चहाचा चमचा, एकेक करून चोचीत ठेवा. कोंबडी ते दाण्यासारखे गिळते, पिशवीत गेल्यावर तिच्या अंगाच्या ४१ अंशांच्या उबेनं ते लगेच वितळतात. दिवसातून तीनदा पुरे. एवढं सोपं असताना सिरिंजनं तेल ओतण्याचा अट्टहास का करावा, कळत नाही.

पाणी अजिबात पीत नसेल तरच सिरिंज वापरा. कोंबडीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, तोंड समोर आणि मान नेहमीसारखी सरळ. मान वर ताणू नका. सिरिंजचं टोक चोचीच्या कडेला लावून थेंब-थेंब सोडा, एका वेळी अर्धा मिलीहून कमी, आणि गिळल्याशिवाय पुढचा थेंब नाही. डोकं झटकलं, खोकल्यासारखा आवाज केला तर थांबा.

गुंडाळताना एक काळजी घ्या. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं; छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. टॉवेल पंखांवर घट्ट चालेल, छातीवर सैलच हवा. लहान मुलं कोंबडीला प्रेमानं आवळून धरतात तेव्हाही हीच अडचण होते.

मालिश

तेलाचे तुकडे आणि पाणी पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मालिश सुरू करा. कोंबडी मांडीवर उभी किंवा बसती, पाठ आपल्या पोटाला टेकलेली. एक हात पाठीमागून आधाराला, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पिशवीवर.

मालिशचं काम बोळा पुढे ढकलणं नाही. पिशवीचं पुढचं दार अरुंद आहे, अख्खा गोळा त्यातून जाणं शक्यच नाही. काम आहे बोळा फोडणं, त्याचा भुगा करून त्यात पाणी शिरू देणं. म्हणून कडेपासून सुरुवात करा. गोळ्याची कड दोन बोटांत धरून हलकं चुरडा, थोडं सैल झालं की बाजूला सरका, गोल गोल फिरत मध्यापर्यंत या. दाब एवढाच की पिकलेला टोमॅटो फुटणार नाही. कोंबडी डोळे मिटून शांत बसली तर जमतंय. धडपडली तर दाब जास्त आहे किंवा आत टोकदार काही आहे.

पाच मिनिटं पुरेत. मग तिला खोक्यात सोडा. तीन-चार तासांनी पुन्हा, दिवसात चार वेळा.

चोळताना तोंडात किंवा नाकपुड्यांत पाणी आलं तर त्या क्षणी हात काढा, कोंबडीला पायांवर उभी करा आणि मान मोकळी सोडा. ती स्वतः डोकं झटकून तोंड साफ करते. बोळा गळ्याकडे वर सरकवायचा नाही. उलटं धरून पिशवी पिळण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. सराव असलेले डॉक्टर नळी घालून पिशवी रिकामी करतात, ती गोष्ट वेगळी. घरी उलट्या धरलेल्या कोंबडीच्या तोंडात आंबलेलं पाणी येतं आणि पुढचा श्वास ती त्याच पाण्यातून घेते.

फरक पडतोय का, हे कसं ओळखायचं

पहिली खूण विष्ठेत दिसते. पिशवी पूर्ण बंद असते तेव्हा विष्ठा थोडी, पाणचट, हिरवी, वर पांढरा भाग, अशी असते. हिरवा रंग पित्ताचा, म्हणजे पोटात अन्न पोचत नाही. वाट मोकळी झाली की विष्ठेला तपकिरी रंग आणि आकार येतो, कधी तिच्यात गवताचे तुकडे किंवा तेलकटपणा दिसतो. आठ-दहा विष्ठांमागे एखादी चिकट, चॉकलेटी, घाण वासाची पडते. ती नेहमीची, तिला घाबरायचं कारण नाही.

दुसरी खूण पिशवीत. संध्याकाळपर्यंत गोळा आकारानं तेवढाच राहिला तरी मऊ पडला असेल, बोटांखाली भाग वेगवेगळे सरकत असतील, तर ती प्रगतीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आकार अर्ध्यावर आला पाहिजे.

२४ ते ३६ तासांत काहीच बदल नाही, गोळा आहे तसा टणक, विष्ठा हिरवी: इथे घरचा उपाय संपतो. अजून एक दिवस बघू म्हणत चौथा दिवस उजाडतो आणि तोवर कोंबडी भूल-शस्त्रक्रिया सोसण्याच्या पलीकडे गेलेली असते.

पिशवी मोकळी होऊ लागल्यावर खाणं

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. कोंबडी भुकेली असते, आपल्याला आनंद झालेला असतो, आणि वाडगाभर मका समोर जातो. रिकामी झालेली पिशवी अजून सुजलेली आणि थकलेली आहे. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा तुंबते.

पहिले दोन दिवस लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरडलेलं खाद्य) किंवा घरचा बारीक भरडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, पातळ खिरीसारखा करून, एका वेळी एक मोठा चमचा द्या. दिवसातून चार-पाच वेळा. सोबत कुस्करलेलं उकडलेलं अंडं चमचाभर चालतं. पुढचं खाणं देण्याआधी पिशवी चाचपा. आधीचं सरकलं नसेल तर ती पाळी चुकवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॅश घट्ट करा, पाचव्या-सहाव्या दिवशी थोड्या कण्या. अख्खा मका, ज्वारी, गहू, पालेभाज्यांचे देठ आठवडाभर नकोत. पाव, ब्रेड, चपातीचा लगदा तर कधीच नको. पिशवीत त्याचा पुन्हा गोळा होतो. दूध नको, पक्ष्यांना ते पचत नाही.

सकाळी पिशवी सलग तीन दिवस रिकामी सापडली की कोंबडी बाकीच्यांत सोडा. शक्यतो संध्याकाळी, काठीवर बसवून. दिवसा सोडली तर बाकीच्या टोचून काढतात.

पिशवी आंबली असेल तर

लिबलिबीत, वास मारणाऱ्या पिशवीला चोळायचं नाही. पाणी तोंडात येण्याचा धोका इथे सर्वांत जास्त. घरी करण्यासारखं थोडंच आहे: दाणा बंद, साधं स्वच्छ पाणी चालू, गूळ-साखर-ग्लुकोज पूर्ण बंद. अशक्त कोंबडीला इलेक्ट्रोलाइट पावडर पाजायची सवय असते, पण तिच्यातली साखर यीस्टला खाऊ घालते.

बुरशीवर औषध लागतं. डॉक्टर बहुधा निस्टाटिनचं द्रावण देतात, वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा, आठवडा-दहा दिवस. पिशवी दोन दिवसांत उतरली तरी औषध मध्येच सोडायचं नाही. बुरशी का वाढली हेही विचारून घ्या. खाद्याला बुरशी लागली होती का, पाण्याचं भांडं शेवाळलं होतं का, की आधी प्रतिजैविक दिलं होतं? खाद्याच्या दुकानातून टेट्रासायक्लिनची पुडी आणून पाण्यात टाकणं सर्रास चालतं. त्यानं जिवाणू मरतात, बुरशी मरत नाही. उलट तिला मैदान मोकळं मिळतं. आंबलेल्या पिशवीवर ती पुडी म्हणजे दुखणं वाढवण्याचा उपाय.

मोरचुदाचं पाणी हा जुना उपाय अजून सांगितला जातो. तांबं थोडं जास्त झालं तरी पक्ष्याला विष असतं आणि चिमटीच्या मापानं ते मोजता येत नाही. नको.

तसंच एरंडेल नको, माणसांची जुलाब करवणारी औषधं नकोत, खाण्याचा सोडा किंवा इनो नको. बंद पिशवीत गॅस भरला की ती फुगून श्वासनलिका दाबते. ओवा, हळद, लसूण यांनी गुंतलेला काथ्या सुटत नाही. त्यांचा तोटा एवढाच की दिवस वाया जातो, आणि इथे दिवसच मोजके आहेत.

डॉक्टरकडे

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याकडे शिरवळला आहे, नागपूरलाही आहे. पक्ष्यांची शस्त्रक्रिया करणारं माणूस तिथे मिळण्याची शक्यता जास्त. शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात जायचं तर आधी फोनवर विचारा, 'पक्षी बघता का?'

जाताना एवढं सांगता आलं पाहिजे: गोळा केव्हा दिसला, सकाळी पिशवी कशी लागली, वजन किती होतं आणि किती झालं, काय पाजलं, विष्ठा कशी, शेवटचं अंडं कधी दिलं. ताज्या विष्ठेचा नमुना छोट्या डबीत घ्या, जंत तपासता येतात.

बोळा सुटतच नसेल तर डॉक्टर पिशवीला छोटा छेद घेऊन तो काढतात, मग पिशवी आणि कातडी वेगवेगळी शिवतात. शस्त्रक्रिया लहान आहे आणि वेळेवर केली तर कोंबड्या ती छान सोसतात. मात्र ब्लेड आणि शिवणदोरा घेऊन घरी ती करून दाखवणारे व्हिडिओ बघून हात घालू नका. भूल न देता कापणं ही क्रूरता तर आहेच, शिवाय पिशवीचा टाका आतून गळला तर अन्न कातडीखाली सडतं.

तुंबू नये म्हणून

सर्वांत मोठा दोषी म्हणजे लांब, चिवट गवत. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत कोंबडी स्वतः टोचून तोडते. जमिनीत रुजलेलं असल्यामुळे तुकडा छोटा निघतो आणि त्रास होत नाही. कापून ढीग घातलेलं गवत मात्र ती अख्खं गिळते. कापून घालायचंच तर तीन-चार सेंटिमीटरहून मोठं नको. जुनं, कडक गवत आणि कडब्याची पानं नकोत.

गच्चीवर पाळणाऱ्यांनी कुंड्यांकडे बघावं. कोकोपीट आणि नारळाचा काथ्या कोंबड्या गांडुळं शोधताना उकरतात आणि धागे गिळतात. पोत्याचे प्लास्टिकचे धागे, सुतळी, रबरबँड, केस, संक्रांतीनंतर झाडाझुडपांत अडकलेला मांजा हे सगळं वेचून काढा. थर्माकोल कोंबड्यांना का कोण जाणे प्रचंड आवडतो. पार्सलचं खोकं उघडून ठेवलं तर मिनिटभरात त्याचे गोळे पोटात जातात.

खडे हवेतच. अंगणात फिरणारी कोंबडी ते स्वतः शोधते. सिमेंटच्या गच्चीवर किंवा पिंजऱ्यात ठेवलेलीला ते कुठून मिळणार? बांधकामाच्या खडीतली सर्वांत बारीक, ३ ते ५ मिलिमीटरची, चाळून आणि धुऊन वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तशी ती टिपते. शिंपल्यांचा चुरा ही त्याची बदली नाही. शिंपले पोटात विरघळतात, त्यातून अंड्याच्या कवचाला कॅल्शियम मिळतं, पण ते दळण करत नाहीत. दोन्ही द्या, दोन वाट्यांत.

पाणी हे कारण उन्हाळ्यात फार दुर्लक्षित राहतं. अंड्यावरच्या कोंबडीला एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं. एप्रिल-मेच्या विदर्भ-मराठवाड्यात त्याच्या दुपटीवर जातं. उन्हात तापलेलं पाणी ती पीत नाही, कोरडा भरडा मात्र खाते, आणि तो पिशवीत घट्ट बसतो. भांडं सावलीत ठेवा, दुपारी एकदा पाणी बदला.

पिशवी वर्षातून दोन-तीनदा तुंबलेल्या कोंबडीची ती पुढे लोंबती होण्याची शक्यता असते. अशीला एकदम भरपेट खायला न घालता दिवसात चार वेळा थोडं थोडं, शक्यतो भिजवलेलं द्या आणि पाव-ब्रेडपासून कायम दूर ठेवा. छातीवरून पट्टा बांधून पिशवी वर उचलून धरता येते, पण तो घट्ट झाला तर श्वास आणि खाणं दोन्ही अडतं, म्हणून पहिला पट्टा डॉक्टरांकडून बांधून घ्या. सकाळी पिशवी चाचपण्याची सवय अशा कोंबडीसाठी कायमची.

राहिला प्रश्न अंड्यांचा. नुसतं खोबरेल आणि मालिश झाली असेल तर त्या दिवसांतली अंडी खायला हरकत नाही. प्रतिजैविक, जंतांचं किंवा बुरशीचं औषध दिलं असेल, तर अंडी किती दिवस टाकायची हे डॉक्टरांना औषधाच्या नावासह विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या.